पार्वतम्मा थांबली तेव्हा

नंदीश महांतप्पा कलशेट्टी यांची पुण्याच्या एका औषध-वाहतूक कंपनीत डिस्पॅच मॅनेजर म्हणून निवड झाली. अर्ज दोनशे बारा आले होते. मुलाखतीला पाच जणांना बोलावलं होतं. त्यांतले चार एमबीए होते आणि पाचव्याला स्वतःबद्दल सलग दोन वाक्यं बोलताना घरातल्या कोणी ऐकलं नव्हतं. निवड पाचव्याची झाली.

हे झालंच नाही, असं आता धरून चालू. कारण त्या बुधवारी दुपारी तीन वाजता लोहाऱ्यात कलशेट्ट्यांच्या घरी येऊन कोणी असं सांगितलं असतं, तर आप्पांनी त्याच्याकडून आधी शंभरच्या स्टॅम्पवर तसं शपथपत्र लिहून घेतलं असतं.

त्या दुपारी घरात मुलाखतीची रंगीत तालीम होती. खरी मुलाखत दुसऱ्या दिवशी, गुरुवारी अकरा वाजता, लॅपटॉपवर. आणि शुक्रवारी सकाळी आठला नंदीशनं साखर कारखान्याच्या गेटवर बंदूक घेऊन हजर व्हायचं, हे आप्पांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. शब्द दिला होता. मध्ये उरला होता एक गुरुवार.

प्रतीक्षाला बंदुकीचं वावडं नव्हतं. पण दिवाळीत हवालदार म्हणून निवृत्त होऊन नवरा घरी आला, तेव्हापासून ती एक गोष्ट बघत होती. हा माणूस पहाटे साडेचारला उठायचा, चादरीची घडी अशी घालायचा की ती पुन्हा उलगडायचा धीर होत नसे, आणि मग दिवसभर दारात उभा राहायचा. नुसता उभा. एकदा नव्या पोस्टमननं त्याला घराचा वॉचमन समजून विचारलं होतं, "मालक हायेत का आत?" नंदीश म्हणाला होता, "बघून सांगतो." गेटवर उभा केला तर हा आणखी वीस वर्षं उभाच राहील, आणि आपल्याला शेवटपर्यंत कळायचं नाही की हा माणूस आहे तरी कोण, अशी प्रतीक्षाला धास्ती होती. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. त्यातलं एकत्र राहणं जमवलं, तर जेमतेम तीन भरलं असतं.

"तुमी तिकडं नेमकं काय करता?" असं तिनं लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत विचारलं होतं.

"सप्लाय," तो म्हणाला होता.

पुढचं आप्पांनी सांगितलं होतं. "तोफगोळ्यांचा सप्लाय. त्याच्याबिगर तोफ म्हंजे नुसता पायप." आणि तो विषय अठरा वर्षांसाठी संपला होता.

आप्पा म्हणजे महांतप्पा. तहसील कचेरीसमोरच्या लिंबाखाली टेबल टाकून त्यांनी त्रेचाळीस वर्षं अर्जनवीसाचं काम केलं. अख्ख्या तालुक्याचे अर्ज त्यांच्या हातचे. पण स्वतःच्या अर्जांत त्यांचं एक खास वाक्य असायचं: 'अर्जदाराचा मुलगा तोफखान्यात देशसेवा करीत आहे.' या वाक्याच्या जोरावर गल्लीला खांबावरचा दिवा मिळाला होता. स्मरणपत्र मागं घ्यायचं राहिलं म्हणून त्याच्यापासून चार फुटांवर दुसराही दिवा मिळाला होता. कारखान्यातली जागाही याच वाक्यावर.

तालमीसाठी सोप्यात तीन खुर्च्या मांडल्या होत्या. उजवीकडं आप्पा. डावीकडं धाकटा भाऊ शिवशरण. चोवीस वर्षं शेत एकट्यानं ओढलेला, आणि आज साहेबासारखं दिसावं म्हणून मोटरसायकलवरचा काळा गॉगल लावून बसलेला. मधल्या खुर्चीत पार्वतम्मा.

पार्वतम्मा आप्पांच्या थोरल्या बहीण. दिल्या होत्या सीमेपलीकडं, त्यामुळं निम्मं बोलणं कानडीत. त्यांनी आजवर एकतीस लग्नं जमवली होती. मुलाखत म्हणजे काय ते शिवांजलीनं, म्हणजे प्रतीक्षाच्या अकरावीतल्या लेकीनं, त्यांना समजावलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "म्हंजे बगायचा कारेक्रम." त्यानंतर त्यांच्या हातून मधली खुर्ची काढून घेणं कोणाला शक्य नव्हतं.

"बा. कूड," पार्वतम्मा म्हणाल्या आणि पाटाकडं बोट केलं.

नंदीश आतून आला. कडक इस्त्रीचा शर्ट, दाढी घोटलेली, हातात ट्रे. ट्रेमध्ये सुशीलाच्या, म्हणजे फोडणीच्या मुरमुऱ्यांच्या, सहा बशा.

"ट्रे कुणी दिला त्याच्या हातात?" शिवशरणनं गॉगल वर केला.

"म्या," पार्वतम्मा म्हणाल्या. "हात थरथरतो का न्हाय ते ट्रेबिगर कसं कळायचं?"

हात थरथरत नव्हता. सहाही बशा एका रांगेत होत्या. त्यातला एकही मुरमुरा हलला नव्हता.

"नाव?"

"सर, हवालदार नंदीश कलशेट्टी, सर!"

"सर कुणाला म्हनतोस रे?"

"सॉरी, सर."

"चालून दाखव."

नंदीश उठला. सोप्यातून फ्रिजपर्यंत गेला, टाच आपटून वळला, परत आला. कपाटातले कप बराच वेळ किणकिणत राहिले.

"चाल चांगली हाय," पार्वतम्मांनी निकाल दिला. "पर भाड्याच्या घरात देऊ नगा. फरशी ऱ्हायची न्हाय. सैपाक?"

"साठ माणसांचा येतो."

"आन सहा जनांचा?"

"त्याची सवय न्हाय."

"अत्याआजी, असं नसतं!" शिवांजली कागद नाचवत पुढं आली. तिनं नेटवरून यादी उतरवली होती. "पहिला प्रश्न, स्वतःबद्दल सांगा. मग आधीची नोकरी का सोडली. पाच वर्षांनी कुठं असाल. तुमच्यातली कमजोरी काय."

पार्वतम्मांनी बोटांवर मोजलं. "घरदार सांगा. आदीचं स्थळ का फिसकटलं. लगीन झाल्यावर काय करनार. आन पोरीत खोट काय. अगं येकच की हे. फकस्त ह्यांच्यात चा देत न्हाईत."

"तेच तर म्हनतो म्या," आप्पा म्हणाले. "एवढे सवाल कशाला? कारखान्यात एकच सवाल हाय. बंदूक धरता येती का. येती. संपलं. हितं ऱ्हाईल, घरचं खाईल."

"दुधाला बी येक माणूस व्हईल," शिवशरण म्हणाला. त्याचं मत सकाळपासून आप्पांच्या बाजूला होतं. त्याला कारण दोन म्हशी होत्या.

नंदीश पाटावर गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. शिवांजलीनं एक एक प्रश्न विचारला आणि त्यानं एक एक उत्तर दिलं. आधीची नोकरी का सोडली? "मुदत संपली." पाच वर्षांनी कुठं असाल? "हुकूम येईल तिथं." कमजोरी? तो खूप वेळ विचारात पडला आणि म्हणाला, "निल."

दोन मिनिटांत यादी संपली. दाराच्या चौकटीला टेकलेली प्रतीक्षा सरळ उभी राहिली. ते चार एमबीए उद्या पाऊण पाऊण तास बोलणार होते.

मग शिवशरणनं, कंटाळा आला म्हणून, गॉगल काढला आणि विचारलं, "अण्णा, तू सकाळी उठल्यावर तिथं पयलं काय करत व्हतास? म्हंजे अगदी पयलं."

"दाणा," नंदीश म्हणाला.

"कसला दाणा?"

"खेचरांचा."

आप्पांनी खुर्ची पुढं ओढली.

"कुणाच्या खेचरांचा?" आप्पांनी विचारलं.

"सरकारी. पयल्यांदा येक व्हतं माज्याकडं. मग चाळीस झाली."

"तोफा वढायला," आप्पा म्हणाले. त्यांनी ते विचारलं नाही, सुचवलं.

"न्हाय आप्पा. जिथं गाडी चढत न्हाय तिथं सामान न्यायला. रॉकेल, पीठ, औषध." तो थांबला, पण खोटं बोलायची सवय नव्हती. "अंडी."

"अंडी?" पार्वतम्मांनी बशी खाली ठेवली. कलशेट्ट्यांच्या सात पिढ्यांत अंडं दाराच्या आत आलं नव्हतं. शिवांजलीच्या चित्रकलेच्या वहीतही कोंबडी एकटीच होती. "तू हात लावत व्हतास?"

"पॅक असायची, अत्या."

"शिव शिव."

आप्पा उभे राहिले होते. "म्या एकशे बारा अर्जांत लिवलंय, तोफखाना. एकशे बारा! त्यात दोन तर कलेक्टरला हायेत."

"म्या कधी तोफखाना म्हनलो न्हाय आप्पा."

"न्हाय असं तरी म्हनलास का कधी?"

"कुणी विचारलंच न्हाय."

हे तो तक्रार म्हणून बोलला नाही. हजेरी द्यावी तसा बोलला. पण प्रतीक्षाला ते थेट स्वतःला लागलं. मी विचारलं होतं, तिच्या ओठांवर आलं. मग आठवलं: एकदाच.

"मला ठाव व्हतं," आतून आवाज आला. नंदीशची आई गिरिजाबाई स्वयंपाकघराच्या दारात कोथिंबीर निवडत उभ्या होत्या. सगळ्यांनी माना वळवल्या. "पयल्या सुट्टीत आला, म्या कापडं धुतली. तोफंला तसा वास येत न्हाय."

"मंग चोवीस वर्सं बोलली का न्हाईस?" आप्पा.

"तुमी लिवत व्हता. मधी कशाला बोलू?"

प्रतीक्षानंही अठरा वर्षं तेच कपडे धुतले होते. सैन्याचा वास असाच असतो, असं तिला वाटत आलं होतं.

पार्वतम्मा मात्र पुढं सरकून बसल्या होत्या. बगायच्या कार्यक्रमात काहीतरी निघालं की त्यांना बरं वाटायचं. "पयलं जे खेचर व्हतं, ते नर का मादी?"

"मादी."

"नाव?"

इतका वेळ नंदीश पाटावर बसला होता. आता पाटावर सावधान झाला.

"खुरावर नंबर असतो, अत्या."

"नंबर न्हाय इचारला. हाक काय मारत व्हतास?"

"पार्वतम्मा," नंदीश म्हणाला.

शिवशरणनं पटकन गॉगल लावला.

"का?" थोरल्या पार्वतम्मांचा आवाज अगदी मऊ झाला होता. अशा आवाजात त्यांनी तीन स्थळं मोडली होती.

"कधी वाट चुकली न्हाय. आन कुणाच्या बापाचं आयकत न्हवती."

पार्वतम्मांनी बशी उचलली, एक घास खाल्ला. "लेकरं?"

"खेचरांना व्हत न्हाईत, अत्या."

"बरं," पार्वतम्मा म्हणाल्या. त्यांनाही नव्हती. त्यांनी पदर सारखा केला आणि त्या क्षणी, कोणाच्या लक्षात न येता, मधली खुर्ची आप्पांच्या बाजूनं निघून नंदीशच्या बाजूला गेली.

आप्पांना ते कळलं असावं. "काय नगं आता," ते म्हणाले. "उद्याचं रद्द. परवा गेटवर जायाचं. तिथं बंदूक हाय. ती तरी खरी हाय."

तेवढ्यात फोन वाजला. पुण्याचा नंबर होता. नंदीशनं उभं राहून कानाला लावला, आणि बाहेर ऐकू येईल एवढ्या आवाजात एक बाई बोलू लागली. मोठ्या साहेबांना उद्या सकाळीच विमान पकडायचंय. मुलाखत आजच, अजून वीस मिनिटांत जमेल का? नसेल जमत तर मग पुढच्या महिन्यात बघू.

"सर, जमेल, सर," नंदीश त्या बाईला म्हणाला.

फोन ठेवल्यावर त्याच्या तोंडावरचा रंग बदलला होता. प्रतीक्षानं त्याला पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. हा सोळा हजार फुटांवरून आलेला माणूस, आणि चौदा इंची पडद्याला घाबरला होता. तिला कीव यायला हवी होती, पण तिला कुतूहलच वाटलं. असा आणखी कशाकशाला घाबरतो हा?

आणि तिला सकाळ आठवली. साडेपाचला ती गोठ्याकडं शेण काढायला गेली, तेव्हा आतून नंदीश बोलत होता. सलग, हसत, मध्ये प्रश्न विचारत. फोनवर असेल म्हणून ती बाहेर थांबली. मग आत डोकावली, तर फोन नव्हता. गौरा म्हैस होती.

"हितं रेंज न्हाय," प्रतीक्षा म्हणाली.

"मम्मी, हितं चार कांड्या..."

"गोठ्यात पाच येत्यात." तिनं लेकीकडं असं पाहिलं की शिवांजली मुकाट्यानं लॅपटॉप मिटून चालू लागली.

वीस मिनिटांत गोठ्याचं ऑफिस झालं. लॅपटॉप कडबा कापायच्या मशिनीवर ठेवला. मागं नंदीशची ती घडीची चादर दोरीवर ताणून बांधली. चादरीमागं दावणीला गौरा, आणि गौराचं दावं धरून प्रतीक्षा. दाराशी पार्वतम्मा खुर्ची घेऊन बसल्या आणि कोणालाही आत सोडेनात. आप्पा बाहेर पत्र्याच्या भिंतीला पाठ लावून कालचा पेपर वाचत बसले. आपल्याला यातलं काही ऐकायचं नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं आणि खुर्ची पत्र्याच्या आणखी जवळ घेतली.

पडद्यावर तिघं आले. निळ्या चष्म्याची बाई आणि दोन साहेब. "हं, नंदीशजी. तुमच्याबद्दल सांगा."

"सर," नंदीश म्हणाला.

चादरीच्या भोकातून प्रतीक्षाला त्याची मान दिसत होती. मान ताठ होती. एक, दोन, तीन... ती मोजत राहिली. अकरापर्यंत गेली. पडद्यावरचे एक साहेब घड्याळाकडं बघत होते.

प्रतीक्षानं दावं सैल सोडलं.

गौरानं सावकाश मान पुढं केली, चादर बाजूला सारली आणि आपली हनुवटी नंदीशच्या खांद्यावर ठेवली. त्याचा हात आपसूक वर गेला आणि तिच्या कपाळावर फिरू लागला. खांदे खाली आले.

"मी चोवीस वर्षं खेचरांबरोबर काम केलं," नंदीश म्हणाला. "गाडी जात नाही तिथं सामान पोचवायचं. पोचवायचं म्हणतो मी, पाठवायचं नाही. पाठवणं सोपं असतं."

घड्याळ बघणाऱ्या साहेबांनी घड्याळ सोडलं. "ती म्हैस आहे का?"

"हो सर. गौरा. तुम्हाला त्रास होतोय का?"

"नाही, नाही. आमच्याकडं बाटल्या फुटतात, नंदीशजी. लसीच्या, सिरपच्या. शंभरात तीन. तुम्ही काय कराल?"

"मला बाटल्यांचं माहीत नाही. अंड्यांचं माहीत आहे." दाराशी पार्वतम्मांनी डोळे मिटून घेतले. "अंडी आम्ही तांदळाच्या पोत्यात पुरायचो. तांदूळ वर जायचाच असतो, अंडीपण वर जायचीच असतात. वेगळी खोकी कशाला वाहायची? एकदा तीनशे साठ नेली. चार फुटली."

"चारच?"

"ती पण वरच्या स्वयंपाक्यानं मोजताना फोडली. आमच्या हद्दीत नाही."

बाई हसली. मग तिनं कागद बघून विचारलं, ठरवलेला बेत फसला असा एखादा प्रसंग सांगा. प्रतीक्षा दावं धरून पुढं वाकली. अठरा वर्षांत आपण हा प्रश्न का विचारला नाही, असं तिच्या मनात आलं. किती साधा प्रश्न होता.

"नऊ वर्षं झाली," नंदीश म्हणाला. "फेब्रुवारी होता. वरच्या चौकीत एक जवान तापानं पडला होता, त्याचं औषध न्यायचं होतं. बावीस खेचरं, चौदा माणसं. सगळ्यात पुढं पार्वतम्मा."

"कोण?"

"खेचर, सर. एका वळणावर ती थांबली. आमचे साहेब म्हणाले, ढकला. मी म्हणालो, सर, ती थांबलीये. साहेब म्हणाले, कारण सांग. मी म्हणालो, कारण तिला माहीत असेल सर, मला फक्त ती माहीत आहे."

गोठ्यात गौराच्या रवंथीचा आवाज येत होता. पत्र्याबाहेर पेपरचं पान उलटायचं थांबलं होतं.

"साहेब चिडले. वर माणूस आजारी, आणि मी जनावराचं ऐकतोय. बरोबर होतं त्यांचं. मी म्हणालो, उशिराची जबाबदारी माझ्या नावावर लिहा. त्यांनी लिहिली. तीन तास आम्ही उभे. मग समोरचा अख्खा उतार बर्फासकट खाली गेला. आवाज फार नाही झाला. नुसतं जिथं वाट होती तिथं काही राहिलं नाही. मग दुसऱ्या बाजूनं गेलो. एक दिवस उशीर झाला."

"आणि तो जवान?"

"बरा झाला. अजून दर संक्रांतीला फोन करतो. तिची चौकशी करतो. माझी नाही करत."

दाराशी पार्वतम्मांनी पाठ सरळ केली होती. वाट आपणच अडवली होती अशा थाटात त्या बसल्या होत्या.

शेवटी बाई म्हणाली, "तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?"

"हो सर. तुमचा एखादा ड्रायव्हर मध्येच थांबला, आणि म्हणाला की पुढं बरोबर वाटत नाही, तर तुम्ही ढकलता का?"

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. मोठे साहेब, ज्यांना विमान पकडायचं होतं, ते पहिल्यांदाच बोलले. "आत्तापर्यंत ढकलत होतो," ते म्हणाले.

"बरं," नंदीश म्हणाला आणि थोडा विचार करून त्यानं जोडलं, "सर."

मग ते म्हणाले, कळवतो. गौरानं शिवांजलीची प्रश्नांची यादी मशिनीवरून ओढून खाल्ली, आणि पडदा काळा झाला.

"कळवतो म्हनले," पार्वतम्मा अंगणात येऊन सांगू लागल्या. "कळवतो म्हंजे साधारन न्हाय म्हनत्यात. पर त्यो मोठा मानूस जाता जाता परत इचारून गेला, त्या म्हशीचं नाव काय म्हनून. जाताना मागं वळून बगितलं म्हंजे..." एकतीस लग्नांचा अनुभव त्यांच्या कपाळावर गोळा झाला. "सांगता येत न्हाय."

"आन शुक्रवारचं?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"शुक्रवारी म्या उभारतो की गेटवर," शिवशरण म्हणाला. "माज्याकडं गॉगल बी हाय." दोन म्हशींचं दूध कोण काढणार, हे त्याच्या बोलून झाल्यावर लक्षात आलं. पण शब्द गेला होता.

नंदीश चादर सोडून तिची घडी घालत होता. प्रतीक्षानं दुसरी दोन टोकं धरली.

"तीन तास काय करत व्हता?"

"कुठं?"

"त्या वळनावर. ती थांबल्यावर."

नंदीशनं आठवून बघितलं. "तिच्या कानामागं खाजवत व्हतो."

"भ्या वाटलं न्हाय?"

"तिला?"

"तुमाला."

तो थांबला. "वाटलं," म्हणाला. "ती चुकली असती तर काय, म्हनून वाटलं. लई वाटलं."

चादरीची चार टोकं जुळली. प्रतीक्षाकडं अठरा वर्षांचे प्रश्न साठले होते. कुठून सुरुवात करावी ते तिला कळेना, म्हणून तिनं जवळचा घेतला. "आन जेवायला काय असायचं?" तो सांगू लागला, आणि ती घडी तशीच हातात धरून ऐकत राहिली.

आप्पा पत्र्याजवळून उठून आले ते थेट त्या दोघांपाशी. पेपर काखेत होता. कितीतरी वेळ ते गौराकडं बघत राहिले.

"आता कुठं असती ती?"

"कोन आप्पा?"

"आपली पार्वतम्मा. तिकडची."

"खाली आनलीय, डेपोत. थकली आता. तिची बी नोकरी संपत आली."

"पेन्शन?"

"जनावराला कसली पेन्शन, आप्पा."

आप्पांनी मान हलवली. त्रेचाळीस वर्षं त्यांच्या टेबलासमोर उभं राहून लोक असंच म्हणत आले होते: कसलं काय, आप्पा. त्यावर त्यांच्याकडं एकच इलाज होता. त्यांनी शिवांजलीला टेबल बाहेर आणायला लावलं, चष्मा पुसला, दोन कागदांत कार्बन घातला.

"खुराचा नंबर सांग," ते नंदीशला म्हणाले.

उन्हं कलेपर्यंत ते लिहीत होते. मग त्यांनी घरातल्या सगळ्यांना आणि गौराला ऐकू जाईल असं वाचून दाखवलं:

प्रति,
मा. कमांडिंग ऑफिसर साहेब यांचे सेवेशी.

अर्जदार : महांतप्पा शिवलिंग कलशेट्टी, वय ७१ वर्षे, धंदा अर्जनवीस, रा. लोहारा, जि. धाराशिव.

विषय : सरकारी खेचर, खूर क्रमांक ३१७, उर्फ पार्वतम्मा, हिला अर्जदाराच्या घरी कायमची रजा मिळणेबाबत.

महोदय,
वरील विषयी विनंती अर्ज सादर करण्यात येतो की, सदर खेचराने अर्जदाराचा मुलगा व इतर तेरा इसम यांस नऊ वर्षांपूर्वी योग्य जागी थांबून जिवंत ठेवले. याबाबत अर्जदारास आजच समजले. उशीर झाल्याबद्दल क्षमा असावी.

अर्जदाराकडे पत्र्याचा गोठा, कडबा व पाणी उपलब्ध असून, शेजारी राहणारी म्हैस नामे गौरा हिची हरकत नाही. अर्जदाराची बहीण त्याच नावाची असून तिचीही हरकत नाही.

तसेच अर्जदाराने यापूर्वी वेगवेगळ्या कार्यालयांत दिलेल्या एकशे बारा अर्जांत जेथे जेथे 'तोफखाना' असे नमूद आहे, तेथे तेथे 'खेचरे' असे वाचण्यात यावे. दोन्ही दिवे परत घेऊ नयेत.

तरी मेहेरबानी करून सदर खेचर लोहारा येथे पाठवण्याची व्यवस्था व्हावी. तिला उतरवून घेण्यास अर्जदार स्वतः बसस्थानकावर हजर राहील. वाटेत ती कुठे थांबल्यास कृपया कोणीही ढकलू नये, ही विनंती.

आपला विश्वासू,
महांतप्पा शिवलिंग कलशेट्टी
(अर्जदाराचा मुलगा खेचरांसोबत देशसेवा करून आला आहे.)